घरी बांधलेलं विमान जमिनीवरच कसं तपासायचं

माझ्या भाच्याचा मित्र सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर काम करतो. हाताला विलक्षण सफाई आहे त्याच्या. गेल्या दोन वर्षांची सगळी बचत त्यानं होटगीच्या अलीकडे, चुलत्याच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ओतली आहे. तिथं एकाच माणसाला बसता येईल असं, त्यानं स्वतः बांधलेलं विमान उभं आहे. जुन्या ओम्नी गाडीचं इंजिन, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, वर कापड. गेल्या उन्हाळ्यात तो घरी आला आणि म्हणाला, "आत्या, एकदा येऊन बघा की ओ. इंजिन चालू व्हायलंय, पुढचं चाक उचलायलंय नुसतं."

चाक उचलतंय हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले.

मी एकतीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली. वडील साखर पेठेत यंत्रमागावर जॉबर होते. माग चालू असताना ते डोळे मिटून उभे राहायचे आणि कुठल्या मागाचा धोटा घासतोय ते आवाजावरून सांगायचे. पण दुरुस्ती झाली की स्वतः माग सुरू करायचे नाहीत. शेजारच्या जॉबरला हाक मारायचे, "जरा बघून घे." पुढं हँगरमध्ये गेल्यावर कळलं की विमानाच्या कंट्रोलच्या कामाला हाच नियम लेखी आहे. त्याला ड्युप्लिकेट इन्स्पेक्शन म्हणतात. एकानं काम करायचं, त्यानं तपासायचं, मग ज्यानं त्या कामाला हात लावलेला नाही अशा दुसऱ्या जाणकारानं पुन्हा पहिल्यापासून तपासायचं आणि दोघांनी सह्या करायच्या.

मला हा नियम एका स्प्लिट पिननं, म्हणजे नट सुटू नये म्हणून घालायच्या बारीक पिनेनं, शिकवला. नोकरीच्या सुरुवातीला एका शिकाऊ विमानाच्या एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपेची, बेलक्रँक (तिला हलवणारी तरफ) मी परत बसवली. कॅसल नट, म्हणजे पिनेसाठी खाचा असलेला नट, आवळला, भोक जुळवलं आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. परत आले तेव्हा काम झालंय असंच डोक्यात होतं. सही केली. पिन माझ्या ट्रेमध्ये, चिंधीखाली पडलेली होती. ती दुसऱ्या इन्स्पेक्टरनं शोधली, स्वतःची सही करण्याआधी. ते विमान दुपारी एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला घेऊन उडायचं होतं. ती पिन मी अजून जपून ठेवली आहे.

म्हणून विमान बांधणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच: बांधायला सुरुवात करण्याआधी तुमचा दुसरा माणूस शोधा. परवानाधारक एएमई, म्हणजे विमान देखभालीचा इंजिनिअर, असेल तर उत्तम. तो तुमचा मित्र नसला तरी चालेल, तुमच्यापुढं 'हे काढ' म्हणायला कचरणारा मात्र नको.

आणि पहिली नळी कापण्याआधी डीजीसीएशी, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी, पत्रव्यवहार सुरू करा. नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेची परवानगी नसलेलं विमान भारतात उडवता येत नाही. १९३४ च्या कायद्याच्या जागी आता भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आहे, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आपल्याला ठाऊक आहेत. ते स्वतः वैमानिक. त्यांचं विमान २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं गेलं, नोंदणी मिळाली २०१७ मध्ये. वेळ लागतो. तो लागणार हे धरूनच चाला. रोजच्या कामाचे तारखेसह फोटो काढा, वही ठेवा. पंख झाकला की आतलं कुणालाच दिसत नाही, तेव्हा झाकण्याआधीचे फोटो हाच पुरावा.

अमेरिकेत हा छंद फार जुना आणि मोठा आहे. तिथं विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसानं स्वतः बांधलेला असावा लागतो आणि दाराजवळ 'एक्सपेरिमेंटल' असं मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं. तिथल्या एनटीएसबीनं, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१२ साली अशा विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन कारणं सगळ्यांत पुढं आली: इंजिनाची ताकद जाणं आणि हवेत ताबा सुटणं. शिवाय बरेच अपघात विमान नवं असताना पहिल्या काही तासांत, किंवा दुसऱ्यानं विकत घेतल्यानंतर थोड्याच काळात झालेले. यातलं बहुतेक जमिनीवर असतानाच शोधता येतं, म्हणून मी इथं जमिनीवरच जास्त रेंगाळणार आहे.

आधी पेट्रोल

शेडमध्ये गेल्यावर मी इंजिनाकडे गेले नाही. सीटवर बसले, पट्टा आवळला आणि विचारलं, "पेट्रोलचा कॉक कुठाय?"

"मागं आहे, डाव्या खांद्याच्या मागं. पाइप तिथनं सरळ जातोय की."

मी उजवा हात डाव्या खांद्यावरून मागं नेला. कॉकला बोटं लागेपर्यंत कंबर वळली आणि उजवा पाय आपोआप रडरच्या, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूच्या, पेडलवर दाबला गेला. त्याला म्हटलं, "माझा पाय बघ."

१२ ऑक्टोबर १९९७ ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ लाँग-ईझेड जातीचं विमान उडवताना गेला. ते विमान त्यानं बांधलेलं नव्हतं, विकत घेतलेलं होतं. मूळ नकाशात पेट्रोलचा कॉक पुढं, हाताशी होता. बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्यामागं नेला, त्यावर खूणही केली नाही. टाकीत पेट्रोल कमी होतं. चौकशीचा निष्कर्ष असा की कॉक फिरवायला वळताना त्याचं लक्ष विमानावरून गेलं, उजवा रडर दाबला गेला आणि ताबा सुटला. बांधणाऱ्यानं नकाशात केलेला एक सोयीचा बदल कित्येक वर्षांनी दुसऱ्याच माणसावर उलटला.

तेव्हा नियम असा: पट्टा आवळलेला असताना, मान न वळवता, डोळे मिटून कॉक बंद-चालू करता आला पाहिजे. चालू, बंद, डावी टाकी, उजवी टाकी असं त्यावर रंगानं लिहा. नकाशातली जागा बदलायची असेल तर ज्यानं तो नकाशा बनवला त्याला आधी विचारा.

मग प्रवाहाची चाचणी. ही मला सगळ्यांत मोलाची वाटते आणि सगळ्यांत जास्त वेळा हीच टाळली जाते. टाकी वर असेल आणि पेट्रोल नुसतं उतारानं येत असेल तर इंजिन फुल थ्रॉटलला जेवढं पितं त्याच्या दीडपट पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचलं पाहिजे. पंप असेल तर सव्वापट. आमच्या इंजिनाची भूक तासाला बारा लिटर धरली. दीडपट म्हणजे अठरा, मिनिटाला ३०० मिलिलिटर. विमान सपाट उभं करून मोजू नका. चढताना नाक वर असतं, तेव्हा पुढचं चाक उचलून खाली ठोकळे लावा, चढाईच्या कोनाइतके. टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा. कार्बोरेटरजवळचा पाइप काढून मोजपात्रात सोडा. शेडची दारं उघडी, जवळपास विडी-सिगारेट नाही, बॅटरीची वायर सुटी, अग्निशामक हाताशी.

आम्ही मोजलं. एका मिनिटात १९० मिलिलिटर. पोराचं तोंड उतरलं. याच इंजिननं त्याला जमिनीवर कधी दगा दिला नव्हता, कारण जमिनीवर तो दोन-चार मिनिटंच पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल तेवढ्याला पुरायचं. फिल्टर काढून बघितला, स्वच्छ. शेवटी टाकीचं झाकण उघडलं आणि पेट्रोल एकदम धो धो यायला लागलं. झाकणावर हवेसाठी पाडलेलं बारीक भोक रंगानं बुजलं होतं. टाकीला हात लावला तेव्हा पत्रा आत ओढल्यासारखा लागत होता. सुई घालून भोक मोकळं केलं, झाकण परत लावलं, पुन्हा मोजलं: ३४०. एका भोकाचा फरक. हे त्याला दीडशे फुटांवर, बाभळींच्या वर कळलं असतं.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. आपल्याच उसापासून निघणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असतं. नव्या गाड्यांना ते चालतं, पण विमानाच्या जुन्या रबरी नळ्या, कॉकचे ओरिंग, फायबर ग्लासच्या टाकीचा रेझिन, सीलंट या प्रत्येकाचं स्वतंत्र बघावं लागतं. रोटॅक्स ९१२ या लोकप्रिय हलक्या इंजिनाला निर्माता दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी देतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी वेगळे होतात. किती आहे ते घरी मोजता येतं. उभ्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी, वर ९० मिलिलिटर पेट्रोल, बूच लावून हलवा, स्थिर होऊ द्या. पाण्याची रेघ दहाच्या वर चढली तर जेवढी चढली तेवढं इथेनॉल खाली आलं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पाइपमध्येच पेट्रोलची वाफ होण्याची भीतीही असते, म्हणून पाइप एक्झॉस्टपासून लांब न्या आणि त्यावर उष्णतारोधक बाही चढवा.

नट, बोल्ट आणि खिडकीची पट्टी

सांगाड्यात त्यानं काही ठिकाणी खिडक्यांना वापरतात ती अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली होती. दिसायला तीच चकाकी. पण खिडकीचा माल बहुधा ६०६३ असतो. त्याच्या टी५ प्रकारात यील्ड, म्हणजे माल कायमचा वाकायला लागतो तो ताण, साधारण दीडशे मेगापास्कलच्या आसपास. विमानाच्या कामाला वापरतात त्या ६०६१-टी६ चं सुमारे पावणेतीनशे. म्हणजे जवळजवळ निम्म्या ताकदीवर पंख टांगायचा. ज्या मालावर शिक्का नाही आणि ज्याचं प्रमाणपत्र नाही, तो भार घेणाऱ्या जागी लावायचा नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं न बोलता स्पॅनर उचलला आणि पट्ट्या खोलायला लागला. तिथंच मला विश्वास वाटला की हा पोरगा जगेल.

बोल्टबद्दल लोकांचा समज असा की जाड घातला की झालं. जाडीआधी दांड्याची लांबी बघा. बोल्टचा बिनआट्याचा दांडा जोडणीच्या जाडीइतका हवा. भोकात आटे आले तर तिथंच तडा सुरू होतो. नटच्या बाहेर निदान एक आटा दिसावा, पण तीनाहून जास्त नकोत. सगळ्यांत लहान एएन३ बोल्टला, म्हणजे ३/१६ इंचाला, टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, फक्त २० ते २५ इंच-पाउंड लागतो. सायकल दुकानातल्या पान्यानं जोर काढला तर तो ताणून निकामी होतो आणि बाहेरून काही दिसत नाही. टॉर्क रेंच घ्याच.

जिथं बोल्टभोवती काही फिरतं, जसं बेलक्रँक, रडरची बिजागरी, कंट्रोल रॉडची टोकं, तिथं नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट, चालत नाही. तिथं भोकाचा बोल्ट, कॅसल नट आणि स्प्लिट पिन. इंजिनाजवळच्या गरम जागीही नायलॉक नको, नायलॉन मऊ पडतं. त्याच्या विमानात अशा सहा जागी नायलॉक निघाले. प्रत्येक जोड पक्का केला की नटापासून पत्र्यापर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढा. पुढं नट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

कंट्रोल उलटे जोडले गेल्यानं आजवर अनेक जीव गेलेत. युक्ती सोपी आहे. स्टिक मुठीत धरा, अंगठा वर. स्टिक डावीकडे झुकवा. अंगठा ज्या पंखाकडे कलेल त्या पंखाचा एलेरॉन वर आलेला दिसला पाहिजे. स्टिक मागं ओढली की एलेव्हेटरची, म्हणजे शेपटीवरच्या आडव्या झडपेची, मागची कडा वर. उजवा पेडल दाबला की रडर उजवीकडे. हे तुम्ही करा, मग दुसऱ्या माणसाला करायला लावा, आणि कंट्रोलची जोडणी खोलून परत बसवली की पुन्हा करा.

कापडाबद्दल थोडक्यात, कारण विणकराच्या घरातली असल्यानं त्यावर बोलायला लागले तर थांबणार नाही. सोलापुरात पॉलिस्टर भरपूर मिळतं म्हणून कुठलंही लावू नका. विमानाचं कापड इस्त्रीच्या ठरलेल्या उष्णतेवर ठरल्याइतकंच आक्रसतं. साधं कापड किती ओढेल ते कुणी तपासलेलं नसतं. त्यावर उन्हापासून वाचवणारा चंदेरी लेप हवा, नाहीतर आपलं ऊन ते कापड आतून खाऊन टाकतं.

इंजिन आणि पंखा

गाडीच्या इंजिनाची पूर्ण ताकद मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास निघते. तिथं दीड मीटरचा पंखा (प्रोपेलर) थेट जोडला तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ३९० मीटर होतो, ध्वनीपेक्षा जास्त. आवाज प्रचंड, ओढ कमी. म्हणून मधे बेल्टचं किंवा गिअरचं रिडक्शन लागतं आणि तिथं नवी दुखणी येतात: बेल्टचा ताण क्रँकच्या बेअरिंगवर, झटक्यांची कंपनं, रेडिएटरला अपुरी हवा. विमानाच्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि दोन स्वतंत्र इग्निशन असतात. गाडीत सगळा भार एकाच साखळीवर. शक्य असेल तर विमानासाठीच बनलेलं इंजिन घ्या, पैसे साठवायला दोन वर्षं जास्त लागली तरी.

जमिनीवर चालवताना चाकांना ठोकळे, शेपूट जाड साखळीनं पक्क्या खांबाला, पंख्याच्या पुढं आणि त्याच्या फिरण्याच्या रेषेत दोन्ही बाजूंना कुणी नाही, लहान पोरं शेताच्या बाहेर. गावात विमान सुरू होतंय म्हटल्यावर गर्दी होतेच, तेव्हा दोर बांधा आणि एक माणूस फक्त गर्दीवर ठेवा.

वजन

कांद्याच्या आडतीवरून तीन इलेक्ट्रॉनिक काटे मागून आणले. विमान उडण्याच्या स्थितीत सपाट ठेवून प्रत्येक चाक एकेका काट्यावर. पुढचं चाक ५० किलो, मागची दोन्ही ११० आणि ११०. एकूण २७०. पुढच्या चाकापासून मागची चाकं दीड मीटरवर. २२० गुणिले दीड म्हणजे ३३०, भागिले २७०, तर रिकाम्या विमानाचा तोल पुढच्या चाकामागं १.२२ मीटरवर. सत्तर किलोचा माणूस १.१ मीटरवर बसवला की ३३० अधिक ७७, भागिले ३४०, १.२० मीटर. आता भरल्या टाकीनं, रिकाम्या टाकीनं, हलक्या माणसानं, जड माणसानं असं प्रत्येक वेळचं काढा आणि नकाशातल्या मर्यादेत बसतंय का बघा. तोल मर्यादेच्या मागं गेला तर विमान स्टॉल झाल्यावर, म्हणजे पंखांची उचल एकदम गेल्यावर, नाक खाली घेत नाही. तिथून परतीची वाट उरत नाही.

पंखाचा भार वाळूच्या छोट्या थैल्यांनी तपासतात, पंख उलटा धरून, मुळाशी जास्त आणि टोकाकडे कमी थैल्या ठेवून. ३५० किलोच्या विमानाला ३.८ जी, म्हणजे वजनाच्या ३.८ पट भार, धरला तर १,३३० किलो, एका पंखाला ६६५. पंखाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब जाणकाराकडूनच करून घ्या. थैल्या उतरवल्यावर पंख पहिल्या रेषेवर परत आला नाही, तर तो पंख बाद.

सोलापूरचं ऊन

आपलं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर, म्हणजे जवळपास १,६०० फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४२ ला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला ती ५,२०० फुटांवर असल्यासारखी वाटते. इंजिनाची ताकद साधारण पंधरा टक्के जाते, पंखा कमी हवा पकडतो, उचलायला जास्त वेग लागतो. धाव दीडपट किंवा त्याहूनही लांब धरा. जानेवारीच्या पहाटे, गड्डा यात्रेच्या थंडीत छान पळणारं विमान मे महिन्याच्या दुपारी रानाच्या टोकाला येऊनही उठणार नाही. चाचणी थंडीत, पहाटे सहा-सातला, वारं पडलेलं असताना. मार्च ते मे दुपारच्या वावटळी उठतात तेव्हा विमान शेडमध्ये, दोर बांधून.

पहिलं उड्डाण

एकरुख तलावाच्या कोरड्या पात्रात नाही, नव्या बायपासवर नाही, शेतातल्या रस्त्यावर तर नाहीच. परवानगी घेतलेली लांब धावपट्टी, दोन्ही टोकांना मोकळी जागा. उडवणारा परवानाधारक आणि तशाच हलक्या विमानाचा ताजा सराव असलेला. तुम्ही बांधलंत म्हणून तुम्हीच पहिल्यांदा उडवायचं हा हट्ट सोडा. विमानात एकच माणूस. अमेरिकेत अशा विमानाला साधारणपणे पहिले ४० तास, प्रमाणित इंजिन-पंखा असेल तर २५ तास, वस्तीपासून दूर ठरावीक भागातच चाचणी करावी लागते, प्रवासी न घेता. आपणही तेवढंच मनावर घ्या.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरच पळवून बघताना, 'जरा उचलून बघू' हा मोह सगळ्यांत वाईट. पुढचं चाक उचलतंय असं पोरगा म्हणाला तेव्हा मला त्याचीच भीती वाटली होती. अर्ध्या पट्टीवर न ठरवता उचललं गेलेलं विमान पुढं उतरायला जागा ठेवत नाही. आणि उठल्या उठल्या इंजिन बंद पडलं तर मागं वळायचं नाही. नाक खाली, वेग राखायचा, समोर थोडं डावी-उजवीकडे जे रान दिसेल त्यात उतरायचं. हे वैमानिकानं निघण्याआधी मोठ्यानं म्हणून दाखवावं, तुम्ही ऐकावं.

पहिला तास झाला की विमान परत उडवू नका. इंजिनावरचं झाकण काढा. तेल गाळा, फिल्टर कापून आत धातूचे कण चमकतात का बघा. लाल रेघा एकेक करून बघा. लाकडी पंखा असेल तर त्याच्या बोल्टचा टॉर्क पुन्हा लावा. आपल्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि पावसाळ्यात फुगतं, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा एकदा. सापडलं ते तारखेसह वहीत लिहा, दुसऱ्या माणसाची सही घ्या.

त्या पोराचा कॉक आता दोन गुडघ्यांच्या मधे आला आहे. खिडकीच्या पट्ट्या निघाल्या, नवा माल प्रमाणपत्रासकट आला. इंजिनाचं काय करायचं यावर आमचा अजून वाद चालू आहे. येत्या रविवारी पंखावर थैल्या ठेवायच्या आहेत. वाळू भरून तयार आहे, प्रत्येक थैली दहा किलोची, मी स्वतः जोखलेली.